नवा लॅपटॉप घरी आला, पहिल्या संध्याकाळी काय करायचं?

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं आहे: "गेल्या रविवारी नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ चा. दुकानदार म्हणतो तीन वर्षांचं अँटीव्हायरस घ्याच, आणि बाकीचं 'सगळं टाकून देतो'. भाचा म्हणतो काहीच लागत नाही. मला बँकेचं काम, फोटो आणि थोडं लेखन करायचंय. लेक पुण्याला असते, ती येईपर्यंत थांबू का? घरात विंडोज १० चा जुना डेस्कटॉपही आहे, त्याचं काय करू?"

बाई (शिक्षिका म्हटलं की माझ्या तोंडून मॅडम येत नाही, बाईच येतं), दुकानदार अर्धा चुकलाय आणि भाचाही अर्धा. लेकीसाठी थांबायची गरज नाही. एक संध्याकाळ आणि चहाचे दोन कप पुरतील. फक्त हे सगळं मशीनमध्ये फोटो आणि कागदपत्रं भरायच्या आधी करा. आज काही चुकलं तर मशीन पुसून पुन्हा सुरू करता येतं, हरवण्यासारखं आत काहीच नसतं. सहा महिन्यांनी तसं नसतं.

नौपाड्यात मी २००१ पासून हे काम करतोय. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये चोर कुलूप तोडून शिरलेला नसतो. मालकानेच दार उघडून "या, बसा" म्हटलेलं असतं. त्यामुळे खाली मी कुलपांपेक्षा दाराबद्दल जास्त बोलणार आहे.

पहिलं दार म्हणजे दुकानदाराचं "सगळं टाकून देतो". याचा अर्थ बहुतेक वेळा चोरीचं ऑफिस, चोरीचं फोटोचं सॉफ्टवेअर आणि ते चालावं म्हणून एक क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा छोटा प्रोग्राम. मी साधू नाही. २००३-०४ च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन जुळवायचो तेव्हा एकाच सीडीवरून निम्म्या गल्लीत विंडोज एक्सपी टाकली आहे मी. गिऱ्हाइकाला वर सांगायचो, "अपडेट बंद ठेवा, नाहीतर नकली विंडोज पकडली जाईल." २००८ च्या अखेरीस कॉन्फिकर नावाचा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, आला तेव्हा त्याचे पैसे फिटले. तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरायचा ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबरमध्येच दिलं होतं, पण माझ्या गिऱ्हाइकांची अपडेट मीच बंद करून ठेवलेली. पेनड्राइव्हवरून तो घरोघर फिरला. कित्येक महिने फुकट फॉरमॅट मारत बसलो, कारण पैसे मागायला तोंड नव्हतं.

आजच्या क्रॅकची तऱ्हा वेगळी आहे. तो चालवण्याआधी विंडोजचं स्वतःचं संरक्षण बंद करायला सांगतो, किंवा स्वतःचा फोल्डर "इथे तपासू नकोस" अशा यादीत घालतो. ती यादी आत्ताच बघा. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये जा, 'मॅनेज सेटिंग्ज' वर क्लिक करून खाली 'एक्सक्लूजन्स' पर्यंत या. नव्या मशीनमध्ये ही यादी रिकामी हवी. तिथे काही दिसलं तर दुकानदाराने आधीच काहीतरी टाकून दिलंय असं समजा. मग सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी' मधून 'रिसेट धिस पीसी' करून मशीन कोरं करून घ्या. आज त्यात तुमचं काहीच जाणार नाही. ऑफिस हवंच असेल तर विकत घ्या, नाहीतर लिब्रेऑफिस घ्या. ते फुकट आहे, अधिकृत आहे आणि त्यात मराठी युनिकोड व्यवस्थित चालतं.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा ईमेल कोणी टाकला? विंडोज ११ सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. काउंटरवरचा मुलगा घाईत असतो, गिऱ्हाइकाला आपला पासवर्ड आठवत नसतो, मग तो तिथल्या तिथे कुठलंतरी नवं खातं काढतो किंवा दुकानाचंच वापरतो. "आंटी, झालं बघा!" म्हणतो आणि मोकळा होतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या खात्याला तुमच्या डिस्कची किल्ली बांधलेली असते.

आजच्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉप रिक्षात विसरलात तरी दुसऱ्याला डिस्क काढून तुमचे फोटो बघता येत नाहीत, हा त्याचा फायदा. पण कधी मदरबोर्ड बदलला, कधी बायॉसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट झालं, की निळा पडदा येतो आणि तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्टच्या त्या खात्यात ठेवलेली असते. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून एक गृहस्थ आले होते. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्या पडद्यामागे, आणि खातं कोणाच्या ईमेलवर आहे हे त्यांनाही माहीत नाही, ज्या दुकानातून घेतला त्यांनाही नाही. फोटो तिथेच होते, डिस्क धडधाकट होती, आणि मी काहीही करू शकलो नाही. ते कुलूप आम्हा दुरुस्तीवाल्यांनाही उघडत नाही, तसं ते उघडू नये म्हणूनच बनवलंय.

म्हणून 'सेटिंग्ज' मध्ये 'अकाउंट्स' उघडून कोणता ईमेल दिसतो ते पाहा. तुमचा नसेल तर वर सांगितलेलं रिसेट करा आणि स्वतःच्या ईमेलने नव्याने सुरुवात करा. असेल तर ब्राउझरमधून त्याच खात्यात जा, 'डिव्हाइसेस' मध्ये तुमच्या लॅपटॉपखाली रिकव्हरी की सापडेल. ती कागदावर उतरवा, आकडे दोनदा ताडून बघा आणि कागद बँकेच्या पासबुकाबरोबर कपाटात ठेवा. लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवू नका. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होईल ते.

मग अपडेट. 'विंडोज अपडेट' मध्ये जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' दाबा, मशीन बंद होऊन सुरू झालं की पुन्हा दाबा, "यू आर अप टू डेट" येईपर्यंत. नवं मशीन गोदामात महिनोन्‌महिने पडून असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी बरंच काही उतरतं. वायफाय चांगलं असेल तेव्हा लावून द्या आणि कामाला लागा. नंतर ते आपलं आपण होत राहील, तुम्ही फक्त "रिस्टार्ट" ला दर वेळी नाही म्हणू नका.

अपडेटचा कंटाळा करणाऱ्यांना मी न्हावा-शेव्याची गोष्ट सांगतो. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे ला त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा किडा जगभर पसरला. २७ जूनला नॉटपेट्या आला आणि त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली. त्या समूहाचं एक टर्मिनल आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे, त्याचं काम ठप्प झालं आणि कंटेनर खोळंबले. युक्रेनवर सोडलेला किडा उरणच्या खाडीपर्यंत पोहोचला. उपाय साडेतीन महिने आधीपासून फुकट मिळत होता.

तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा शंका काढालच. नॉटपेट्या मुळात शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच, मग अपडेट घ्यायचं की नाही? घ्यायचं. असा घात क्वचित होतो, आणि अपडेट न केल्यामुळे आजारी पडलेलं मशीन मला नेहमी दिसतं. पण या शंकेत दम आहे. अपडेट केलेली मशीनही तेव्हा पडली, कारण हा किडा मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड चोरायचा आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या मशीनमध्ये रीतसर दारातून शिरायचा. भोक बुजवलेलं असलं तरी किल्ली त्याच्या हातात होती.

म्हणून दोन खाती. हे कोणी करत नाही आणि माझ्या मते अँटीव्हायरसच्या खोक्यापेक्षा याचा उपयोग जास्त आहे. पहिलं खातं, जे आपोआप बनतं, ते ॲडमिनचं असतं, म्हणजे मशीनमध्ये काहीही करायची त्याला मुभा असते. रोजच्या कामाला ते वापरू नका. 'अकाउंट्स' मधल्या 'अदर यूजर्स' मधून स्वतःसाठी दुसरं खातं काढा. ते आपोआप 'स्टँडर्ड' प्रकारचं होतं, तसंच राहू द्या. रोज त्यातच काम करा. मग बहुतेक काहीही इन्स्टॉल व्हायला लागलं की पडदा काळवंडतो आणि ॲडमिनचा पिन मागतो. तुम्ही बँकेचं पान बघत असताना अचानक पिन मागितला गेला, तर तुम्ही नाही, दुसरंच कोणीतरी काहीतरी टाकू पाहतंय. 'नो' दाबायचं. नातवंडं सुट्टीत येत असतील तर त्यांना तिसरं खातं द्या. खेळ फुकटात मिळवायच्या नादात मुलं काय काय उतरवतात ते मी बघितलंय.

आता दुकानदाराचं अँटीव्हायरस. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर नावाचा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येतो आणि घरगुती वापराला तो पुरतो. अँटीव्हायरस विकणारे सगळे लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील आमच्या पिढीच्या दुरुस्तीवाल्यांना फ्लॉपीच्या काळापासून ठाऊक आहे, आणि तेव्हा त्याच्यावाचून चालायचंच नाही. तुम्ही पैसे भरून बसला असाल तर वापरा. पण एकाच वेळी दोन नकोत, मशीन रांगायला लागतं. आणि लॅपटॉपबरोबर "ट्रायल" म्हणून आलेलं एखादं असेल, पुढे पैसे भरायचे नसतील, तर ते आजच काढून टाका. ते काढलं की डिफेंडर आपणहून कामाला लागतो. 'विंडोज सिक्युरिटी' मध्ये हिरव्या खुणा दिसतात का तेवढं बघा.

ईमेल. मोबाइल, विमा, अशा बऱ्याच ठिकाणी "पासवर्ड विसरलात?" म्हटलं की दुवा ईमेलवर येतो. म्हणजे ईमेल हातात आला की बाकीची बरीच दारं आपोआप उघडतात. त्याचा पासवर्ड लांब हवा आणि दुसरीकडे कुठेही वापरलेला नको. नातवाचं नाव आणि जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा: खिडकी, मुंगळा, टपाल, वांगं, असे काहीतरी. (हेच चार नकोत, आता ते सगळ्यांनी वाचले.) जुन्या पद्धतीने दर तीन महिन्यांनी तो बदलत बसू नका. त्याने माणूस कंटाळून शेवटी १, २, ३ जोडत जातो. फुटल्याचा संशय आला तरच बदला. ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. जीमेल असेल तर त्यात १० बॅकअप कोड मिळतात, तो कागदही कपाटात त्या पासबुकाजवळ.

पासवर्ड वहीत लिहू का, हा प्रश्न मला सगळेच विचारतात, लाजत लाजत. लिहा! परदेशात बसलेल्या चोराला तुमचं गोदरेजचं कपाट उघडता येत नाही. फक्त वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, आणि बँकेचा पिन व यूपीआयचा पिन तिच्यात नको, ते डोक्यातच.

आता ज्या दारातून ठाण्यात सर्वात जास्त माणसं बुडतात, ते सांगतो. एखादी पाककृती किंवा पंचांग बघताना पान विचारतं, "नोटिफिकेशन पाठवू का?" आपण सवयीने 'अलाऊ' दाबतो. दोन दिवसांनी उजव्या कोपऱ्यात लाल चौकट, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले". ते व्हायरस नसतात, जाहिरात असते. तिच्यावर दाबलं की पूर्ण पडदा लाल, भोंगा वाजतो, बाईचा आवाज इंग्रजीत काहीतरी बोलतो आणि खाली एक फोन नंबर. काही झालेलं नसतं. एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर ऑल्ट धरून एफ-४. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. त्याच ठिकाणी "कोणत्याही साइटने विचारू नये" असं करून ठेवता येतं. ते पहिल्याच दिवशी करा.

त्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा माणूस फार गोड बोलतो. एनीडेस्क किंवा तसलं काही उतरवायला सांगतो, म्हणजे तुमचा पडदा त्याला दिसतो, आणि मग "रिफंड देतो, बँक उघडा". हा धंदा कुठल्या दूरदेशीचा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बोगस कॉल सेंटरांवर छापे घातले, शेकडो जणांची चौकशी केली, ७० जणांना अटक केली. तिथे बसून आपलीच पोरं अमेरिकेतल्या लोकांना कर खात्याचे अधिकारी म्हणून दम देत होती. आता तेच मराठी-हिंदीत आपल्याला ऐकायला मिळतं: "महावितरणमधून बोलतोय, बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाइट जाईल." मायक्रोसॉफ्ट, बँक, महावितरण, पोलीस, यांच्यापैकी कोणीही तुम्हाला आपणहून फोन करून ॲप उतरवायला सांगत नाही. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. चुकून पैसे गेलेच, तर आधी मला किंवा भाच्याला फोन करू नका. सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला करा, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यांत पोहोचायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं. घरातले काय म्हणतील या भीतीने लोक रात्र घालवतात आणि सकाळपर्यंत पैसे पाच खात्यांतून फिरून गेलेले असतात.

एक बारीक पण कामाची गोष्ट. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा. विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे "बिल डॉट पीडीएफ" दिसणारी फाइल प्रत्यक्षात "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असू शकते. शेवटी ईएक्सई असेल तर ते बिल नाही.

वायफायचं थोडक्यात: केबलवाल्याने लावलेल्या राउटरच्या मागच्या स्टिकरवरचे दोन्ही पासवर्ड बदलून घ्या, वायफायचा आणि राउटरच्या आतला. वायफायच्या नावात फ्लॅट नंबर नको.

बॅकअपला मी शेवटी आलो, पण तुमच्याकडे एकाच गोष्टीला वेळ असेल तर हीच करा. बाहेरून जोडायची १ टीबीची हार्ड डिस्क घ्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडा, फोटो आणि कागदपत्रांचे फोल्डर तिच्यावर कॉपी करा, आणि काढून कपाटात ठेवा. "काढून" हा शब्द महत्त्वाचा आहे. कायम जोडलेली डिस्क खंडणीवाला व्हायरस लॅपटॉपबरोबरच कुलूपबंद करतो.

मर्स्कच्या गोष्टीचा शेवट इथे आहे. नॉटपेट्याने त्यांच्या जगभरच्या जाळ्याचा नकाशा सांभाळणारे सर्व्हर एकजात पुसले, एक सोडून. तो घानामध्ये होता आणि वाचला, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेल्यामुळे तो जाळ्यातून सुटलेला होता. त्यावरून त्यांनी पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. ज्यांना बारा-बारा तास भारनियमन आठवतंय त्यांना याची गंमत कळेल. वीज गेल्याने कंपनी वाचल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. तुमची कपाटातली डिस्क म्हणजे तुमचं घाना.

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा) आहे की, असं भाचा म्हणेल. विंडोज ११ तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तिकडे नेऊन ठेवतं हे खरं, पण फुकट जागा ५ जीबी, फोटोंनी ती महिन्यात भरते आणि मग पैसे भरा म्हणून पडदा कुरकुरत बसतो. शिवाय तो आरसा आहे. तुम्ही इथली फाइल पुसली की तिकडचीही जाते, आणि तिकडच्या कचऱ्याच्या टोपलीत ती ३० दिवसच राहते. असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दुसरी डिस्क जमली तर ती लेकीकडे पुण्याला ठेवा आणि दिवाळीला, गणपतीला येता-जाता अदलाबदल करा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर माझ्या दुकानात ओल्या हार्ड डिस्कांची रांग लागली होती. तळमजल्यावरच्या एका डॉक्टरांचा बॅकअप होता, पण त्याच टेबलाच्या खालच्या खणात.

आता जुना डेस्कटॉप. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० ची (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी) चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसला तर विंडोज ११ त्याच्यावर रीतसर बसत नाही. कोणी "जुगाड करून टाकतो" म्हटलं तर बँकेच्या मशीनवर तसलं नको. बँक आणि ईमेल यापुढे नव्यावरच. जुन्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकून गाणी ऐकायला आणि लिहायला वापरता येईल, मी कित्येकांना तसं करून दिलंय, कोणी परत आलं नाही तक्रार घेऊन. आणि भंगारवाल्याला द्यायचाच ठरला तर आधी आतली हार्ड डिस्क काढून घ्या. नुसत्या झटपट (क्विक) फॉरमॅटने आतलं जात नाही, साध्या सॉफ्टवेअरने परत येतं. बाजूचं झाकण उघडलं की डिस्क चार स्क्रूंवर असते, दोन वायरी ओढल्या की हातात येते. मशीनची वायर भिंतीतून काढून मगच उघडा.